‘कर्करोगनाशक’ या समासाचा विग्रह

१

वनस्पतींच्या अर्कांचा कर्करोगाच्या पेशींवर काय परिणाम होतो हे पाहणारे प्रबंध आणि शोधनिबंध आपल्याकडील विद्यापीठांतून गेल्या काही दशकांत पुष्कळच लिहिले गेले आहेत. त्यांतील काहींचा विषय त्वचेचा कर्करोग हा असतो. या निबंधांचे मूळ लेखन बहुधा इंग्रजीत होते; परंतु त्यांचे सारांश, त्यांवरून होणारी व्याख्याने, वृत्तपत्रांतील वृत्ते आणि पाठ्यपुस्तकांतील उल्लेख मराठीत होतात. या मराठीची चिकित्सा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. औषधिविज्ञान हा माझा विषय नव्हे. कोणती वनस्पती गुणकारी आणि कोणती नव्हे हे ठरविण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु एखादे वाक्य आपल्यामागील पुराव्यापेक्षा अधिक काही सांगून जाते काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेतला आहे, आणि तो टाळण्याचे त्यास कारण नाही.

या प्रश्नाकडे मी वळलो तो माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांच्या निबंधाचा मराठी सारांश करून देण्याचे काम मी अंगावर घेतले. एका वनस्पतीच्या पानांचा अर्क मेलॅनोमाच्या पेशींना प्रयोगशाळेत विषारी ठरला, असे मूळ निबंधात म्हटले होते. मी मराठीत लिहिले : ‘या वनस्पतीच्या पानांत त्वचेच्या कर्करोगाचा नाश करणारे गुण आढळले आहेत.’ वाक्य सुटसुटीत झाले याचे मला समाधानही वाटले. सारांश छापून आल्यावर पंधरवड्याने आमच्या कार्यालयातील एक लिपिक तो अंक हातात घेऊन आले. त्यांच्या आईच्या तळपायावर एक काळा डाग होता आणि तो अलीकडे वाढू लागला होता. त्यांनी विचारले, ‘सर, हा पाला कुटून बांधायचा, की काढा करून द्यायचा? आणि किती दिवस?’

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. मी जे लिहिले होते त्यातून तोच प्रश्न सरळ निघत होता. मी त्यांना आईला डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले. ते गेले, आणि डाग साधा निघाला. याचे श्रेय माझ्या वाक्याकडे जात नाही. मेलॅनोमा भारतात विरळा आहे, परंतु होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावरच होतो. वेळेवर कापून काढल्यास तो बरा होण्याचा संभव मोठा असतो, आणि उशीर झाल्यास तो शरीरात इतरत्र पसरतो. पाला बांधण्यात गेलेले तीन महिने ही अशा वेळी क्षुल्लक गोष्ट नव्हे.

२

प्रथम प्रयोगात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. वनस्पतीचे पान, साल किंवा मूळ वाळवून त्याची पूड करतात. ती मेथॅनॉल, एथिल ॲसिटेट किंवा हेक्झेन यांसारख्या द्रावकात भिजवून गाळतात आणि द्रावक उडवून देतात. जो चिकट अवशेष उरतो त्यास अर्क म्हणतात. दुसरीकडे पोषक द्रवात वाढविलेल्या पेशी तयार असतात. त्वचेच्या बाबतीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या पेशींपैकी ‘ए-३७५’ या एका ५४ वर्षांच्या स्त्रीच्या मेलॅनोमापासून मिळविलेल्या आहेत. ‘बी-१६’ या उंदराच्या मेलॅनोमाच्या आहेत. ‘ए-४३१’ या एका ८५ वर्षांच्या स्त्रीच्या निराळ्या प्रकारच्या अर्बुदातून आल्या आहेत. ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत या पेशी घालून त्यांवर अर्काच्या चढत्या मात्रा सोडतात, आणि २४, ४८ किंवा ७२ तास थांबतात. नंतर टिम मॉसमन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली एमटीटी चाचणी बहुधा करतात. एमटीटी हे पिवळे द्रव्य आहे. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करतात. जांभळा रंग किती गडद आहे हे यंत्राने मोजावयाचे, आणि ज्या मात्रेला तो निम्म्यावर येतो तिला ‘आयसी-५०’ म्हणावयाचे, अशी ही पद्धत आहे.

तेव्हा संशोधकाने प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट एवढीच, की काही खळग्यांतील रंग फिका झाला. पेशींतील चयापचय मंदावला, हे पहिले अनुमान. जिवंत पेशींची संख्या कमी झाली, हे दुसरे. पेशी मेल्या, हे तिसरे. अर्बुद नाहीसे होईल, हे चौथे. रोगी बरा होईल, हे पाचवे. माझ्या वाक्याने पाचही पायऱ्या एका उडीत ओलांडल्या होत्या.

पहिलीच पायरी वाटते तितकी पक्की नाही. कित्येक वनस्पतींतील पॉलिफेनॉल वर्गाची द्रव्ये पेशी नसतानाही एमटीटीचे रूपांतर करतात. त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत असल्यासारख्या दिसू शकतात. म्हणून पेशींविना केवळ अर्क घातलेला खळगाही तपासावा लागतो. हळदीतील कर्क्युमिनने निर्माण केलेला गोंधळ तर प्रसिद्ध आहे. कर्क्युमिन पाण्यात फार काळ टिकत नाही, स्वतः रंगीत व प्रकाशदीप्त आहे, आणि अनेक प्रथिनांशी सरसकट संयोग पावते. म्हणून चाचण्यांत ते जवळजवळ सर्वत्र ‘गुणकारी’ दिसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत रासायनिक समीक्षेने या दोषांकडे बोट दाखविले. रोग्यांवरील एकाही दुहेरी अंध, तुलनात्मक चाचणीत ते निःसंशय यशस्वी ठरलेले नाही, हेही तीत नमूद केले आहे.

दुसऱ्या व तिसऱ्या पायरीतील भेद तर मराठीस चांगलाच ठाऊक आहे. ‘रोपे मेली’ आणि ‘रोपांची वाढ खुंटली’ यांत शेतकरी गल्लत करीत नाही. एमटीटी मात्र हा भेद दाखवीत नाही : ४८ तासांत पेशी मेल्यामुळे संख्या निम्मी झाली, की त्या दुणावल्या नाहीत म्हणून निम्मी राहिली, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी निराळ्या चाचण्या लागतात. त्या झालेल्या नसताना ‘मारल्या’ हे क्रियापद वापरणे म्हणजे न केलेल्या प्रयोगाचा निकाल सांगणे होय.

पुढील पायऱ्यांची उंची एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. समजा, आयसी-५० मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम निघाली. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. एवढ्या रक्तात तीच तीव्रता आणावयाची तर अर्धा ग्रॅम अर्क जसाच्या तसा रक्तात उतरला पाहिजे, आतड्याने तो अडविता कामा नये, यकृताने त्याचे विघटन करता कामा नये, मूत्रावाटे तो जाता कामा नये, इतर ऊतकांत तो पसरता कामा नये, आणि ४८ तास हे असेच राहिले पाहिजे. तोंडावाटे घेतलेल्या कोणत्याही काढ्याचे असे होत नाही. म्हणूनच कच्च्या अर्काची आयसी-५० मिलिलिटरला २० ते ३० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तरच तो पुढे तपासण्याजोगा, असा दंडक जाणकारांनी सामान्यतः मानला आहे. याहून कितीतरी मोठे आकडे छापून त्यांखाली ‘लक्षणीय कर्करोगनाशक क्रिया’ असे लिहिलेले आढळते.

अर्क खावयाचा नाही, कातडीवर लावावयाचा आहे, असे कोणी म्हणेल. तेथे अडचण निराळी आहे. आपल्या कातडीचा सर्वांत बाहेरचा थर हा मृत पेशींचा व स्निग्ध द्रव्यांचा बांध असून बाहेरचे द्रव्य आत येऊ न देणे हेच त्याचे काम आहे. ताटलीतील पेशी उघड्या असतात. त्या कातडीच्या म्हणून ओळखल्या जातात खऱ्या, पण त्यांना कातडी नसते.

३

एवढ्या पायऱ्या एका शब्दात गडप होतात कशा, हे आता पाहिले पाहिजे. ‘कर्करोगनाशक’ हा षष्ठी तत्पुरुष समास आहे. समासात विभक्तिप्रत्ययांचा लोप होतो हे आपण शाळेतच शिकतो. येथे मात्र षष्ठीच्या एका प्रत्ययाबरोबर आणखीही बरेच लोप पावले आहे. ‘ताटलीत’ ही सप्तमी गेली. ‘४८ तास’ ही कालमर्यादा गेली. ‘अमुक मात्रेने’ ही तृतीया गेली. ‘पेशींची’ या षष्ठीच्या जागी ‘रोगाची’ षष्ठी येऊन बसली. शिवाय ‘नाशक’ हे कर्तृवाचक कृदन्त असल्याने त्यास काळही नाही : नाश केला, नाश करते, नाश करू शकेल, यांपैकी काहीही त्यातून घेता येते. वाचक साहजिकच आपल्या गरजेचे तेवढे घेतो.

याउलट मराठीत पुराव्याची मर्यादा दाखविण्याची साधने भरपूर आहेत. ‘आढळले’, ‘दिसून आले’, ‘असावे’, ‘संभवते’ या रूपांच्या वजनांतील फरक मराठी कान अचूक ओळखतो. इंग्रजीतील ‘पेशींना विषारी’ या अर्थाच्या शब्दास ‘पेशीविषारी’ हा प्रतिशब्द सरळ आणि प्रामाणिक आहे. परंतु ‘विषारी’ म्हटले की वनस्पतीची थोरवी कमी होते, म्हणून लेखक ‘नाशक’ कडे वळतो. विष हे कोणालाही बाधू शकते, हे ‘विषारी’ हा शब्द लपवीत नाही. ‘नाशक’ हा शब्द ते लपवितो. कारण नाश शत्रूचाच व्हावयाचा, असा त्या शब्दाचा संकेत आहे.

‘त्वचेचा कर्करोग’ हे एकवचनही असेच भ्रामक आहे. त्वचेच्या तळथरातील पेशींचा कर्करोग हळूहळू वाढतो आणि क्वचितच दूर पसरतो. शल्कपेशींचा कर्करोग निराळा. रंजकपेशींपासून होणारा मेलॅनोमा तर या दोहोंहून फारच वेगळा व अधिक घातक. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करणारे वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कमरेच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथील कातडी सतत घासली जाते आणि त्या जागी शल्कपेशींचा कर्करोग उद्भवतो. त्यास ‘धोतराचा कर्करोग’ असे नाव पडले. नामकरण म्हणून हे मला आदर्श वाटते : जागा, कारण आणि माणसाची राहणी ही तिन्ही त्या नावात उघडी आहेत. आता ए-३७५ या एकाच पेशीमालिकेवर अर्क घालून ‘त्वचेच्या कर्करोगावर प्रभावी’ असे जो लिहितो, तो त्या कमरेवरच्या व्रणाबद्दलही बोलून जातो. त्याची परीक्षा मात्र त्याने केलेली नसते.

४

या निबंधांच्या प्रास्ताविकांत परंपरेचा हवाला हटकून दिलेला असतो : अमुक वनस्पती आयुर्वेदात त्वचारोगांवर सांगितली आहे, आणि आता प्रयोगानेही ते सिद्ध झाले. या दोन विधानांना जोडणारा सांधा तपासून पाहण्यासारखा आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात ५० महाकषाय दिले आहेत; त्यांत कुष्ठघ्न, कण्डूघ्न, कृमिघ्न, विषघ्न असे गण आहेत. ‘-घ्न’ हे पद आधुनिक ‘-नाशक’चे पूर्वज खरे, पण त्यामागे एक संपूर्ण चिकित्साव्यवस्था उभी होती : रोगी कोण, ऋतू कोणता, दोष कोणता, मात्रा किती, अनुपान काय. ‘कुष्ठघ्न’ हा शब्द त्या व्यवस्थेतील वैद्याने वैद्यासाठी योजलेला होता. शिवाय तेथील ‘कुष्ठ’ म्हणजे आजच्या मराठीतील कुष्ठरोग नव्हे. त्याचे १८ प्रकार सांगितले असून अनेक परस्परभिन्न त्वचाविकारांचा त्यांत समावेश होतो. त्यांपैकी एखाद्यास आजचा मेलॅनोमा समजून त्यावरील वनस्पती ए-३७५ पेशींवर तपासणे ही केवळ शब्दसाम्यावर उभारलेली समजूत आहे. सुश्रुतातील ‘अर्बुद’ आणि आजचा कर्करोग यांची सरसकट एकरूपता मानणेही तितकेच धाडसाचे आहे. ‘कर्करोग’ हा शब्द तर खेकडा या अर्थाच्या ग्रीक-लॅटिन शब्दावरून घडविलेला आधुनिक अनुवाद आहे. प्राचीन ग्रंथांशी त्याचे नाते जोडण्यास केवळ संस्कृत रूप पुरेसे नाही.

‘अर्क’ या शब्दाचेही तसेच. आयुर्वेदात द्रव्यापासून औषध करण्याचे मूळ प्रकार पाच : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. यांत द्रव्याचा स्वतःचा रस आणि पाणी यांवाचून अन्य द्रावकास स्थान नाही. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईचे झाड. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या द्रवास आपण जो अर्क म्हणतो तो अरबी ‘अरक’ या शब्दाचे संस्कृतसदृश रूप होय. प्रयोगशाळेतील अर्क या कोणत्याच अर्थाने अर्क नाही. हेक्झेनमध्ये किंवा मेथॅनॉलमध्ये जे उतरते ते आजीबाईच्या काढ्यात उतरेलच असे नाही. तेव्हा मेथॅनॉलमधील अवशेषाने पेशी मेल्या, म्हणून काढ्याची परंपरा सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही. तशाच त्या मेल्या नसत्या तर परंपरा खोटी पडली, असेही म्हणता आले नसते. हा प्रयोग परंपरेच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्षच देत नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर या गोष्टीचा अधिक विचार केला पाहिजे. कारण परक्या परीक्षेत मिळालेल्या गुणांवर ते आपल्या शास्त्राचे मोठेपण तोलू पाहत आहेत.

५

ताटलीतील पेशी मारणे ही मुळात अवघड गोष्ट नाही. बिब्बा उतलेले अंग ज्याने पाहिले आहे त्यास वनस्पतीचा रस जिवंत कातडीचे काय करू शकतो हे सांगावयास नको. प्रश्न पेशी मरतात की नाही हा नसून, निरोगी पेशींना वाचवून रोगटच तेवढ्या मरतात काय, हा आहे. त्यासाठी निरोगी पेशींवरही तीच मात्रा तपासून दोन आयसी-५० आकड्यांची तुलना करावी लागते. त्वचेसाठी ‘हॅकॅट’ नावाच्या पेशी यास वापरतात. पण १९८८ साली वर्णिलेल्या या पेशीही अमर्याद वाढणाऱ्या आहेत, म्हणून त्यांना ‘सामान्य’ म्हणतानाही जपूनच म्हटले पाहिजे. अनेक लघुप्रबंधांत तर ही तुलनाच नसते.

सॅन्ग्विनारिन या द्रव्याचे उदाहरण घ्या. उत्तर अमेरिकेतील एका वनस्पतीच्या रक्तवर्णी मुळांतून ते मिळते आणि मेलॅनोमाच्या पेशी त्याने मरतात असे प्रयोगांत दिसले आहे. त्याच मुळांचा व झिंक क्लोराइडचा ‘काळा लेप’ त्वचेच्या कर्करोगावर विकला जातो. तो रोगट व निरोगी असे दोन्ही ऊतक जाळतो, वर खपली धरते, आणि खाली अर्बुद वाढत राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. हेच सॅन्ग्विनारिन आपल्याकडील पडीक रानात उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलातही असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या तेलाची भेसळ झाली आणि सूज, श्वास व हृदयविकार यांची साथ पसरून माणसे मेली. एकच द्रव्य, एका वाक्यात ते ‘कर्करोगनाशक’ आणि दुसऱ्यात ‘भेसळीचे विष’. दोन्ही वाक्यांत त्याची क्रिया एकच आहे. ‘पेशीविषारी’ या शब्दात ती दोन्ही ठिकाणी मावते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण तेथे सर्व परीक्षा रीतसर झाल्या होत्या. दुधी चिकाच्या युफोर्बिया कुलातील एका तणाचा चीक ऑस्ट्रेलियात त्वचेवरील डागांना लावीत. त्या तणास तेथे ‘रेडियम वीड’ असे नाव पडले आहे. त्यातील इन्जेनॉल मेब्युटेट हे द्रव्य शुद्ध करून, रोग्यांवर चाचण्या करून, उन्हाने होणाऱ्या कर्करोगपूर्व खवल्यांवरील औषध म्हणून अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले. पुढे ते लावलेल्या जागी त्वचेचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो अशी शंका आली, आणि २०२० साली युरोपीय औषधसंस्थेने त्यापासून होणारा धोका लाभापेक्षा अधिक असल्याचा निष्कर्ष काढला. तत्पूर्वीच ते युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले होते. लोकपरंपरा, प्रयोगशाळा आणि रोग्यांवरील चाचणी या तिन्ही पायऱ्या ओलांडलेल्या औषधाची ही कथा. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या अर्काविषयी आपण कोणत्या शब्दांत बोलावे, याचा बोध तीवरून घेता येईल.

६

यावरून ही सारी खटपट व्यर्थ आहे असे कोणी समजू नये. या पद्धतीचे मोठे यश एका मराठी मुलखातल्या माणसाशी जोडलेले आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला, शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले आणि पुढील काम अमेरिकेत झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० पासून सुमारे दोन दशके वनस्पतींची जी चाळणी चालविली तीत सुमारे ३५,००० वनस्पती तपासल्या गेल्या. १९६२ साली वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून यू वृक्षाची साल गोळा केली गेली. तिच्या अर्काने पेशी मरतात असे आढळल्यावर मन्‌रो वॉल आणि वाणी यांनी त्यातील नेमके द्रव्य वेगळे करून त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली. १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी त्याची क्रिया उलगडली : पेशीविभाजनाच्या वेळी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका ते जखडून टाकते. अंडाशयाच्या कर्करोगावरील औषध म्हणून टॅक्सॉलला मान्यता मिळाली ती १९९२ साली. साल आणि औषध यांमध्ये ३० वर्षे गेली. यू वृक्ष विषारी आहे. त्याच्या सालीचा काढा पिऊन कोणी बरा झालेला नाही.

या कथेतील एक तपशील मला फार उद्बोधक वाटतो. ती साल ज्या पेशींवर प्रथम तपासली त्या ‘केबी’ पेशी मुखाच्या कर्करोगाच्या म्हणून प्रसिद्ध होत्या. वस्तुतः त्यांत १९५१ साली बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून मिळालेल्या ‘हेला’ पेशी मिसळून त्याच शिल्लक राहिल्या होत्या. नावाची अशीच चूक मेलॅनोमाच्या बाबतीत उलट्या दिशेने झाली आहे. ‘एमडीए-एमबी-४३५’ या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. २००० साली त्यांचे मेलॅनोमाशी साम्य दिसले, आणि पुढे त्या ‘एम-१४’ या मेलॅनोमाच्या पेशींशी एकरूप असल्याचे सिद्ध झाले. त्यांवर अर्क घालून ‘स्तनाच्या कर्करोगावर गुणकारी’ असे लिहिलेली सर्व वाक्ये त्या दिवशी निराधार झाली. टॅक्सॉलच्या बाबतीत मात्र केबीचे नाव चुकूनही काही बिघडले नाही. कारण त्या चाचणीवरून मुखाचा कर्करोग बरा होईल असा दावा कोणी केला नव्हता. ‘ही साल पुढे तपासावी’ एवढाच तिचा अर्थ घेतला होता. दावा पुराव्याएवढाच असला की पुराव्यातील चूक पचविता येते.

वॉल आणि वाणी यांनीच १९६६ साली चीनमधील एका वृक्षापासून मिळविलेले कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडातही सापडते. रोग्यांवरील पहिल्या चाचण्यांत ते फार विषारी ठरून बाजूस पडले. त्यात रासायनिक बदल करून केलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे १९९६ साली मान्य झाली. दरम्यान नरक्याची मागणी वाढून सह्याद्रीतील झाडांची बेसुमार तोड झाली. ‘कर्करोगावरचे झाड’ या दोन शब्दांची किंमत अशी रानालाही मोजावी लागते.

७

सामान्य वाचकास सोपी मराठी हवी असते. सप्तमी, तृतीया आणि कालमर्यादा यांनी लादलेले वाक्य तो वाचणार नाही, असा आक्षेप येईल. तो मी पारखून पाहिला आहे. माझे मूळ वाक्य आता मी असे लिहीन : ‘या वनस्पतीच्या पानांच्या मेथॅनॉलमधील अर्काने ताटलीत वाढविलेल्या मेलॅनोमाच्या एका प्रकारच्या पेशींची वाढ ४८ तासांत निम्म्यावर आली, प्राण्यांवर किंवा रोग्यांवर तो अद्याप तपासलेला नाही.’ यात कठीण शब्द कोणता? वाक्य लांबले आहे खरे, पण तो लिपिक हे वाचून पाल्याची मात्रा विचारावयास आला नसता.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस माझी सूचना साधी आहे. आपल्या निष्कर्षात ‘-नाशक’, ‘-रोधक’, ‘-हारक’ असा कोणताही समास आला की त्याचा विग्रह समासात लिहून पाहावा, म्हणजे पानाच्या त्या कडेच्या कोऱ्या जागेत : कशाचा, कशाने, कोठे, किती मात्रेने, किती वेळात, कशाच्या तुलनेत. यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्या तक्त्यात नसेल तर तो शब्द खोडावा. मार्गदर्शकांनीही भाषेच्या तपासणीस प्रबंध पाठविताना केवळ ऱ्हस्वदीर्घ पाहण्यास सांगू नये. शुद्धलेखन निर्दोष असलेले असत्य विधान मी स्वतःच छापून दिलेले आहे.

त्या अंकाची एक प्रत मी अजून मेजाच्या खणात ठेवली आहे. पुढील वर्षी सारांशलेखनाचा पाठ घेताना पहिले उदाहरण म्हणून तीच वर्गात वाचून दाखवावी, असा विचार आहे.